‘सर, अजून पळवा’ हा आवाज कोणाचा?

प्रश्न (दोन पानांच्या पत्राचा सारांश) : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. एका खासगी फुटबॉल अकादमीत जातो. कोचना प्रत्येक स्पर्धा जिंकायचीच असते. दहा महिन्यांपूर्वी एक सामना हरल्यावर त्यांनी चार मुलांना भर दुपारी मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या, मध्ये पाणीही पिऊ दिलं नाही. मुलाला उलट्या झाल्या, सलाईन लावावी लागली. पोलिसांनी एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली, पुढे काहीच झालं नाही. वर्षाची फी भरल्यामुळे आम्ही त्याला अजून तिथेच पाठवतो, पण सामन्याच्या आदल्या रात्री तो झोपत नाही. कोचवर गुन्हा दाखल होईल का? फी परत मिळेल का? सोबत प्रवेश-अर्जाची प्रत आणि मिस्टरांनी काढलेला व्हिडिओ पाठवत आहे.

उत्तर : असं पत्र महिन्यातून एकदा तरी येतंच. खेळ बदलतो. कधी पोहणं असतं, कधी बॅडमिंटन, कधी स्केटिंग. बाकी मजकूर तोच. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला हरल्याची शिक्षा देणं चूक आहे वगैरे लिहून जागा अडवत नाही, ते तुम्हालाही कळतं. तुमचं घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण तुम्ही स्वतःच मला पाठवलेल्या व्हिडिओत आहे.

व्हिडिओ सत्तेचाळीस सेकंदांचा आहे. मी तो तीनदा ऐकला. हो, ऐकला. दिसतं ते तुमच्या बाजूचंच आहे. मुलं धापा टाकत वळसा घेतात, कोच स्टॉपवॉच घेऊन उभे आहेत, त्यांच्या पायाशी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. पण एकतिसाव्या सेकंदाला, फोनच्या अगदी जवळून, एक पुरुषी आवाज येतो : ‘सर, अजून पळवा, त्याशिवाय नाही सुधारायचा.’ फोन तुमच्या मिस्टरांच्या हातात होता, हे तुम्हीच लिहिलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता अर्ज. कलम ९ असं : ‘शिस्त व शारीरिक क्षमता वाढवण्यासाठी प्रशिक्षकांना योग्य वाटेल ती उपाययोजना करण्यास पालकांची पूर्ण संमती आहे.’ खाली तुमची सही. ती पहिल्या प्रवेशाच्या वेळची असती, तर न वाचता केली म्हणून समजून घेतलं असतं, सगळेच करतात. पण तुम्ही पाठवलेल्या प्रतीवरची तारीख नूतनीकरणाची आहे, सलाईन लावल्यानंतर दोन महिन्यांची. मुलगा दवाखान्यातून आला आणि त्यानंतर तुम्ही तेच कलम पुन्हा सही करून दिलंत. याला काय म्हणावं?

हे इतकं ताणून का सांगतोय, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २७. जुन्या दंड संहितेत हेच ८९ होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावपूर्वक, पालकाच्या संमतीने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असं ते म्हणतं. ही संमती स्पष्ट असू शकते किंवा गृहीतही धरली जाऊ शकते. तुमच्या प्रकरणात स्पष्ट संमती कलम ९ मध्ये आहे आणि दुसरी एकतिसाव्या सेकंदाला. हा बचाव आपल्याला लागू पडतो हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कोचवरच आहे, तुमच्यावर नाही. पण सिद्ध करायचं सामान तुम्हीच त्यांच्या हातात आणून दिलं आहे.

तरीही ही ढाल अभेद्य नाही. तिला दोन भेगा आहेत. पहिली ‘हितासाठी’ या शब्दात. स्टॅमिना वाढवायला पळवणं हा सराव झाला. हरलात म्हणून पळवणं ही शिक्षा झाली. कोच म्हणतील, दोन्ही एकच. म्हणून त्या दिवशी त्यांनी मुलांना नेमकं काय सांगितलं, हे महत्त्वाचं. इतर तीन मुलांच्या पालकांपैकी कोणाला काही आठवत असेल, ग्रुपवर सामन्यानंतर कोचचा एखादा मेसेज असेल, तर तो आधी शोधा. दुसरी भेग ‘सद्भावपूर्वक’ या शब्दात आहे. जे काळजी आणि लक्ष न देता केलं, ते कायद्याच्या लेखी सद्भावपूर्वक नसतंच. भर उन्हात पळणाऱ्या मुलाला पाणी न देण्यात कोणती काळजी होती, हे कोचना कोर्टात समजावून सांगणं अवघड जाईल. माझा भर पळवण्यापेक्षा त्या क्रेटवर राहील. तुमची तक्रार मात्र सगळी फेऱ्यांवर आहे, पाणी एका ओळीत उरकलं आहे. ते उलटं करा.

दुखापत जबर स्वरूपाची असेल, तर कलम २७ ची ढाल मिळत नाही. पण एका रात्रीच्या सलाईनला कायदा जबर दुखापत म्हणेल असं मला वाटत नाही. नव्या संहितेत पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार न करता येणं, अथवा जिवाला धोका, असे निकष आहेत. डॉक्टरांच्या केस पेपरवर काय लिहिलंय, ते तुम्ही पाठवलेलं नाही. डीहायड्रेशन, उष्माघात असा काही शब्द असेल, तर त्याची प्रत आजच काढून ठेवा. दवाखान्यांना जुनी कागदपत्रं सापडत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव.

मग आज काय करायचं? संमती मागे घ्यायची. लेखी. कोच आणि संस्थाचालक दोघांच्या नावे, ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने. चार ओळी पुरतात : ‘आमच्या मुलाच्या प्रवेश-अर्जातील कलम ९ मधील संमती आम्ही आजपासून मागे घेत आहोत. शिक्षा म्हणून पळवणे, पाणी किंवा विश्रांती नाकारणे, मारणे अथवा अपशब्द वापरणे यांस आमची संमती नाही.’ इथे ‘आणि कधीच नव्हती’ अशी भर घालायचा मोह होईल. घालू नका. व्हिडिओ आहे. एक खोटं वाक्य समोरच्या वकिलाला सापडलं की बाकीची तीन खरी वाक्यंही तो पाण्यात बुडवतो.

या पत्राने मागचं पुसलं जाणार नाही. पण पत्र पोचल्यावर कोचनी पुन्हा तसंच केलं, तर कलम २७ चा पायाच निघून जाईल आणि तेव्हाची तक्रार आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम असेल. बहुतेक संस्था असं पत्र मिळाल्यावर एकतर सुधारतात किंवा मुलाचं नाव कमी करतात. दुसरं झालं तर फीच्या मुद्द्याला तुमच्या बाजूने वजन येतं.

आता घड्याळ. साधी दुखापत म्हणजे संहितेचं कलम ११५(२). शिक्षा एक वर्षापर्यंत, त्यामुळे कोर्टाने दखल घ्यायची मुदतही एक वर्ष. तुमचे दहा महिने गेले. एन.सी. घेतली म्हणजे केस सुरू आहे, असं तुम्ही धरून चालला होतात. तसं नसतं. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि तो आदेश मागायला कोणी गेलेलं नाही. एन.सी.ची पावती फाइलला लावून ठेवल्याने मुदत थांबली, असं मी तरी समजणार नाही. जायचं असेल तर उरलेल्या दोन महिन्यांत दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार दाखल करावी लागेल. उशीर माफ करून घ्यायची सोय कायद्यात आहे, पण ‘आम्हाला वाटलं पोलीस बघतायत’ हे कारण मी कोणत्याही न्यायाधीशापुढे हौसेने मांडणार नाही.

दुसरा रस्ता बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे, त्याने त्याला ‘अनावश्यक’ शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. इथे मुदत तीन वर्षांची मिळते, म्हणून हा जास्त उपयोगी. सरावाच्या वेळात मूल कोचच्या नियंत्रणाखाली असतं, हे पटवणं जड नाही. मुलांची काळजी आणि संरक्षण सोपवलेल्या संस्थांमधल्या व्यक्तींसाठीची पाच वर्षांची वाढीव शिक्षा खासगी अकादमीला लागू पडेल का, यावर मी पैज लावणार नाही. आणि बचाव इथेही त्याच संमतीचा येईल.

खासगी तक्रारीत एक नवी गोष्ट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधीच दंडाधिकाऱ्यांना आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणजे कोच पहिल्याच तारखांना कलम ९ ची प्रत घेऊन उभे राहणार. पुढे मुलाची साक्ष. प्रश्न समजून उत्तर देता येत असेल, तर लहान मुलाचीही साक्ष चालते. पण ती होईपर्यंत तुमचा मुलगा कदाचित मिशा फुटायच्या वयात पोचलेला असेल आणि त्याला ती दुपार एका अनोळखी वकिलासमोर पुन्हा सांगावी लागेल. कोर्टांचा हा वेग मला लाजिरवाणा वाटतो, पण तो धरूनच हिशेब करा. व्हिडिओ ज्या फोनवर काढला तो विकू नका, फॉरमॅट करू नका आणि एकतिसावा सेकंद कापायचा विचार तर मनातही आणू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते खऱ्या फाइलसाठीच देता येतं.

मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ बऱ्याच पालकांना पाठ असतं, तुम्हीही ते लिहिलं आहे. ते शाळेतल्या मुलांसाठी. कोच शाळेचे असते, तर मी तिथूनच सुरुवात केली असती. खासगी अकादमीला ते लावता येणार नाही. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मध्ये अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे, पण त्याचा रोख राष्ट्रीय महासंघ आणि त्यांच्या रचनेवर आहे. तुमची अकादमी एखाद्या जिल्हा संघटनेशी संलग्न असेल, तर तिथेही तक्रारीची एक प्रत टाका. खर्च काही नाही. संघात जागा न मिळणं, बाकावर बसवून ठेवणं यांत मात्र कोर्ट हात घालत नाही, ते मुद्दे तक्रारीतून काढा.

फीबद्दल थोडक्यात. ‘शुल्क परत मिळणार नाही’ हे वाक्य छापलं म्हणजे संपलं, असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. तुम्ही राहता तिथल्या आयोगातही चालतं आणि वकील लागतोच असं नाही. खेळाचं प्रशिक्षण ‘सेवा’ आहे का, यावर वाद घातला जाईल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शैक्षणिक संस्थांना, त्यांच्या खेळासकट, कायद्याबाहेर ठेवलं आणि कोचिंग संस्थांना आत. तुमची अकादमी दुसऱ्या गटात बसते असं माझं मत, पण मत म्हणूनच घ्या. आणि फी वसूल व्हावी म्हणून मुलाला पाठवत राहणं आजपासून थांबवा. पाठवत राहणं हीदेखील संमतीच दिसते.

राहिलं ते पत्र. त्यावर तुमच्या एकटीची सही चालणार नाही. वडील हेही पालकच. त्यांनी सही केली नाही, तर कोच एवढंच म्हणतील की आईने संमती काढली, वडिलांची अजून आहे, आणि व्हिडिओ त्यांच्याच बाजूने बोलेल. दोन पानांच्या तुमच्या पत्रात मिस्टर या सगळ्याबद्दल काय म्हणतात, हे मला कुठेच सापडलं नाही. मला विचारण्याआधी ते त्यांना विचारा, आणि दोघांची सही झालेल्या पत्राची प्रत मला पाठवा. खासगी तक्रारीचा मसुदा मी त्यानंतरच करेन.