शिळे कूलंट: हा शब्द खोडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकांनी आपल्या सोसायटीतील चालकांना वाटण्यासाठी मोटारीच्या देखभालीच्या सूचना मराठीत लिहिल्या आणि त्यांत 'शिळे कूलंट वेळेवर बदलावे' असे एक वाक्य घातले. (कूलंट म्हणजे इंजिनात फिरून त्याची उष्णता वाहून नेणारा द्रव.) छापण्याआधी ज्या जाणकार गृहस्थांकडे तो कागद तपासायला दिला, त्यांनी 'शिळे' खोडून 'कालबाह्य' केले, 'शिळे हे विशेषण अन्नालाच लागते' असा समासात शेरा मारला आणि जाता जाता 'कूलंट'चे 'शीतलक' करून टाकले. आता वाचक विचारतात की 'शीतलक' योग्य की 'शीतक', आणि 'शिळे' खरोखरच चुकले काय.

'शिळे' चुकलेले नाही. चुकला आहे तो शेरा. शिळी भाकरी, शिळी बातमी आणि शिळ्या कढीला येणारा ऊत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही. ज्या घरात नळाला दिवसातून एकदाच पाणी येते, त्या घरात 'हंड्यातले शिळे पाणी झाडांना घाला आणि ताजे भरून ठेवा' हे वाक्य रोज बोलले जाते, आणि पाणी हे अन्न नव्हे. द्रवाला 'शिळे' म्हणण्याचा मराठीचा हक्क इतका साधा आणि जुना आहे की तो सिद्ध करावा लागावा, याचेच आश्चर्य वाटते.

खरी मौज पुढे आहे. गृहस्थांनी ज्या शब्दाला बाहेर काढले आणि ज्याला मानाने आत घेतले, ते दोघेही एकाच घरातले आहेत. संस्कृत 'शीतल', प्राकृतात 'सीअल', आणि मराठीत 'शिळा'. दोन स्वरांमधला 'त' गळून पडणे आपल्याला नवे नाही. 'माता'ची 'माय' आणि 'शत'चे 'शे' त्याच वाटेने आले. 'फल'चे 'फळ' आणि 'काल'चा 'काळ' होतो, तसाच इथेही शेवटचा 'ल' 'ळ' झाला. प्राकृतातील 'स' इकारापूर्वी मराठीत 'श' होतो, म्हणून 'सिक्ख'चे 'शिकणे' झाले. (याच नियमाने 'सिक्थ'पासून भाताचे 'शीत' झाले, शितावरून भाताची परीक्षा करताना थंडीचा काही संबंध नसतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) अर्थाचा प्रवासही सरळ आहे: आधी 'निवलेले', मग 'काल शिजवून निवलेले', आणि शेवटी 'ताजेपण गेलेले'. श्रावणातील शिळासप्तमीला पूजा शीतलादेवीची असते आणि ताटात आदल्या दिवशी शिजवलेले अन्न असते. शब्दाची दोन्ही टोके एकाच दिवशी एकत्र आलेली पाहायची असतील, तर याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. म्हणजे 'शीतलक कालबाह्य झाले' असे लिहिणाऱ्याने 'शीतल'ला खुर्ची दिली आणि त्याच्याच सख्ख्या लेकाला दारातून परत पाठवले.

यावर एक उत्तर मला हमखास ऐकवले जाते की 'शिळे' हे 'शिला'वरून आले, कारण शिळी भाकरी दगडासारखी कडक होते. हे सांगणाऱ्यांत मराठीचे अध्यापकही असतात, म्हणून स्पष्ट लिहितो: ही व्युत्पत्ती नव्हे, भाकरी मोडताना सुचलेला विनोद आहे. 'शिला'पासून मराठीत 'शिळा' हे नाम आलेलेच आहे, पण ते स्त्रीलिंगी नाम आहे. ते 'शिळा, शिळी, शिळे' असे तिन्ही लिंगांत फिरत नाही. शिवाय शिळा भात कडक होतो हे एक वेळ मान्य केले, तरी शिळे ताक, शिळी फुले आणि शिळे पाणी यांत दगड कुठून आणायचा? उच्चार जुळला म्हणून नाते जोडणाऱ्यांनी निदान विशेषणाची रूपे तरी चालवून पाहावीत.

आता कूलंटमध्ये शिळे होण्यासारखे असते तरी काय, हे पाहू, कारण शब्द योग्य ठरतो तो वस्तूवर. बहुतेक मोटारींतील कूलंट हे इथिलीन ग्लायकॉल आणि क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण असते, बहुधा निम्मे-निम्मे, आणि त्यात गंज रोखणारी रसायने थोड्या प्रमाणात मिसळलेली असतात. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते. आधी खर्च होतात ती ही रसायने. तापणे आणि निवणे यांच्या रोजच्या फेऱ्यांत ग्लायकॉलचेही हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात, आणि मग ॲल्युमिनियमचे हेड, रेडिएटरच्या नळ्या आणि पंप, ज्याला गॅरेजमध्ये 'वॉटरबॉडी' म्हणतात, यांना आतून गंज चढू लागतो. पातळी तीच असते, रंगही बराचसा तोच असतो, पण गुण गेलेला असतो. याला मराठीत 'शिळे' म्हणत नाहीत तर काय म्हणतात? 'कालबाह्य' होतात त्या रूढी आणि कायदे. न उघडलेल्या बाटलीवरची तारीख उलटली तर तिला 'मुदत संपलेली' म्हणावे, ते ठीक. पण जे इंजिनात फिरून फिरून निःसत्त्व झाले, ते शिळेच. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांत शिळे होते, नव्या पद्धतीची कित्येक कूलंटे पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात, आणि आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतच पाहायचा असतो.

मला राग येतो तो मात्र दुसऱ्याच शब्दाचा. 'पाणी'. 'गाडीत पाणी बघितले का', 'पाणी कमी झाले असेल तर टाका', 'कूलंट म्हणजे रंगीत पाणीच हो', हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. जुन्या ट्रकांच्या आणि जीपगाड्यांच्या काळात रेडिएटरमध्ये खरोखरच पाणी असे, चालक डबा घेऊन ओढ्यावर उतरत असे, आणि शब्द त्या काळी खरा होता. आज तो घातक आहे, कारण जो 'पाणी' म्हणतो तो पाणीच ओततो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो, परंतु निम्म्या प्रमाणातील मिश्रण सुमारे उणे 37 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही हा त्याचा अर्धाच गुण आहे. उरलेला अर्धा असा की ते साध्या पाण्याहून उशिरा उकळते आणि धातूला गंजू देत नाही. बोअरवेलचे पाणी घातले तर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पुटासारखे धरतात, आणि मग घाटात गाडी तापली की मेकॅनिक सांगतो, 'रेडिएटर चोक झाला.' अगदीच अडचण असेल, तर थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून गॅरेजपर्यंत जावे. पण त्याने मिश्रण पातळ होते, म्हणून नंतर त्याचे प्रमाण तपासून घ्यावे. उलट टोकाला जाऊन नुसते घट्ट कूलंट ओतणारेही असतात. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच थिजते आणि उष्णताही पाण्याइतकी चांगली वाहून नेत नाही, तेव्हा जास्त घातले म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

'थंड' हा शब्दही इथे जपून वापरावा. कूलंट इंजिन थंड ठेवते, असे सर्रास लिहितात, आणि ते खोटे आहे. चालत्या इंजिनातील कूलंट सुमारे 90 अंशांवर असते आणि ते तिथेच राहावे अशीच योजना असते; थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर तापवून त्या तापमानावर टिकवणे हेच आहे, आणि 'गाडी थंड राहील' म्हणून तो काढून टाकणाऱ्या कारागिराने इंजिनाचे नुकसानच केलेले असते. तापलेली वस्तू आपोआप उष्णता टाकते त्याला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे: 'निवणे'. दूध निवते, वरण निवते, अंगणातली फरशी संध्याकाळी निवते. सूचनापत्रात 'इंजिन थंड असताना' असे लिहिण्यापेक्षा 'इंजिन पूर्ण निवल्यावर' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला थांबायचे आहे हे आपोआप कळते. (हे 'निवणे' आणि बुद्धाचे 'निर्वाण' एकाच कुळातले आहेत, पण तो विषय आज काढला तर उत्तर संपणार नाही.)

थांबायचे का, हे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण त्यावर हाताची कातडी अवलंबून आहे. रेडिएटरचे किंवा दाबाखालच्या टाकीचे झाकण साधे बूच नसते. ते आत सुमारे एक बार, म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाएवढा, जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे मिश्रण 120 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण फिरवले की दाब क्षणात जातो, आतला द्रव एकदम उकळतो आणि वाफेसह तोंडावर उसळतो. खंबाटकी घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून 'पाणी बघणाऱ्या' एका माणसाचे दोन्ही हात मी असे भाजलेले पाहिले आहेत, आणि तेव्हापासून 'पाणी बघणे' हा वाक्प्रयोग मला केवळ भाषेचा दोष वाटत नाही. तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, आणि वाफ येत असेल तर बॉनेटला हात लावू नये. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतले तर तो तडकू शकतो. इंजिन बंद असले तरी विजेवर चालणारा पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे आणि ओढणी त्यापासून दूर ठेवावीत. निवल्यावरही झाकणावर जाड फडके ठेवून ते थोडेसेच फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, आणि मगच काढावे.

या अर्ध्या तासासाठी माझ्याकडे एक शब्द आहे आणि तो मला फार प्रिय आहे: 'शिळोपा'. शिळोप्याच्या गप्पा सगळे मारतात, पण शिळोपा म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. माझा तर्क असा की हाही त्याच 'शिळा'चा, म्हणजे शेवटी 'शीतल'चाच नातेवाईक आहे: कामाचा ताप उतरल्यावरची, ऊन कलल्यावरची निवांत वेळ. माझ्या एका व्युत्पत्तिप्रेमी स्नेह्यांना हा तर्क मान्य नाही. त्यांच्या मते '-ओपा' या शेवटाची उपपत्ती लागत नाही. न लागो. शेवट अडला म्हणून आरंभ नाकारणे हे कोशकारांचे जुने दुखणे आहे, आणि ज्याने उन्हाळ्यात माळरानावर दुपारभर काम करून संध्याकाळी पारावर बैठक मारली असेल, त्याला शिळोप्यातला शीतलपणा प्रत्ययाविनाही कळतो. तापलेल्या गाडीशेजारी घाटात बसलेल्या माणसाला दुसरे काही करण्यासारखे नसतेच. इंजिनालाही शिळोपा द्यावा आणि आपणही घ्यावा.

निवलेल्या गाडीत कूलंट पाहणे हे अगदी सोपे काम आहे. गाडी सपाट जागी उभी असावी, आणि पातळी अर्धपारदर्शक टाकीवरच्या मिन आणि मॅक्स या दोन रेघांच्या मध्ये दिसावी. त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच, तयार मिसळलेले कूलंट मॅक्सच्या रेघेपर्यंत घालावे. 'हिरव्यात हिरवे, लाल असेल तर लाल' हा गॅरेजमधला नियम विश्वासाचा नाही, कारण रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने घालतो आणि दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर दोन्हींचे गंजरोधक गुण कमी होऊ शकतात. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर 'गाडी पाणी पिते' असे म्हणून पुन्हा पुन्हा भरत बसू नये. होजपाइप, क्लिपा, वॉटरबॉडी तपासून घ्यावी, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेडगास्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधली गळती रोखणारी पट्टी) गेल्याची शंका धरून गाडी चालवणे थांबवावे. सांडलेले कूलंट लगेच पुसून धुऊन टाकावे, कारण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर प्राणघातक असते. सोसायटीतील कुत्र्यांना आणि लहान मुलांना हे माहीत नसते.

'शीतलक' की 'शीतक' हे राहिलेच होते. हिंदीत 'शीतलक' रूढ आहे आणि मराठी लेखनात दोन्ही दिसतात. 'शीतक' आटोपशीर आहे हे खरे, पण पाणिनीने 'शीतोष्णाभ्यां कारिणि' या सूत्रात हाच शब्द सिद्ध केला आहे आणि टीकाकार त्याचा अर्थ देतात आळशी, मंदपणे काम करणारा. त्याचा जोडीदार 'उष्णक' म्हणजे चपळ. इंजिनात एका मिनिटात कितीतरी फेऱ्या मारणाऱ्या द्रवाला आळशी म्हणणे मला अवघड जाते. पाठ्यपुस्तकासाठी 'शीतलक' घ्यावे. चालकांच्या कागदावर 'कूलंट'च राहू द्यावे, कारण दुकानात तेच मागावे लागते, आणि खोडलेले वाक्य पुढीलप्रमाणे परत लिहावे: 'इंजिन पूर्ण निवल्यावरच कूलंटची पातळी पाहावी, टाकीत पाणी ओतू नये आणि शिळे कूलंट पुस्तिकेतील मुदतीत बदलून घ्यावे.'