चाव्यांवरून पेटलं का क्रिमियाचं युद्ध?

प्रश्न : बेथलेहेमच्या चर्चच्या चाव्या कुणाकडे राहणार या भांडणातून क्रिमियाचं युद्ध झालं असं वाचलं. फक्त एवढ्यासाठी लाखो माणसं मेली? पटत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाहीच पटणार. भांडण खरं होतं, कॅथलिकांच्या बाजूने फ्रान्स, ऑर्थोडॉक्सांच्या बाजूने रशिया आणि मधे तुर्की सुलतान, कारण बेथलेहेम त्याच्या राज्यात होतं, पण मे १८५३ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलला बोलणी होऊन ते जवळपास मिटलंही होतं. तरी झारचा दूत मेन्शिकोव्ह अडूनच बसला, कारण झार पहिल्या निकोलसला हवं होतं सुलतानाच्या राज्यातल्या सगळ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचं पालकत्व, आणि ती प्रजा कोटीच्या घरात! हे मान्य केलं असतं तर सुलतान नावापुरताच उरला असता. त्याने नकार दिला, जुलैत रशियन फौजा सुलतानाच्या आधिपत्याखालच्या मोल्डाव्हिया आणि वालाखिया या प्रांतांत (आजच्या रोमानियाच्या बाजूला) घुसल्या, ऑक्टोबरमध्ये तुर्कांनी युद्ध पुकारलं.

माझ्या मते खरं कारण हेच, की तुर्की साम्राज्य खिळखिळं झालेलं आणि ते कोसळलं तर कुणाच्या हाती काय लागणार याची सगळ्यांनाच धास्ती. रशियन आरमार भूमध्य समुद्रात उतरलं तर भारताकडे जायच्या वाटेचं काय ही ब्रिटनची काळजी, तर फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनला १८१५ मध्ये पहिल्या नेपोलियनच्या पराभवानंतर फ्रान्सला बांधून घालणारी व्यवस्था मोडायची होती आणि घरच्या कॅथलिकांनाही खूश ठेवायचं होतं. निकोलसचा हिशोब ऑस्ट्रियावर होता, १८४९ मध्ये हंगेरीतलं बंड मोडायला त्यानेच सैन्य पाठवलं होतं ना, मग ते उपकार विसरणार नाहीत असं धरून चालला, आणि त्याच ऑस्ट्रियाने १८५४ मध्ये मागे हटा म्हणून दम दिला.

रशिया हटलाही. म्हणजे ज्या प्रांतांवरून तुर्कांनी युद्ध पुकारलं ते रिकामे झाले, तिथे थांबता आलं असतं, तरी सप्टेंबरमध्ये तुर्कांच्या बाजूने युद्धात पडलेलं ब्रिटिश-फ्रेंच सैन्य क्रिमियात उतरलं, कारण त्यांना तिथला सेव्हास्टोपोलचा रशियन आरमारी तळच मोडायचा होता, आणि त्यांनी त्याला वेढा घातला. (नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्ला खान नानासाहेबांच्या पेन्शनसाठी लंडनला गेले होते, तिथे दाद लागली नाही, तेव्हा परतताना १८५५ मध्ये ते क्रिमियाला जाऊन हा वेढा बघून आले.)

रशिया हरला आणि १८५६ च्या पॅरिस तहात त्याला काळ्या समुद्रात युद्धनौका ठेवायला बंदी झाली. ती पंधरा वर्षंही टिकली नाही, १८७० मध्ये फ्रान्स प्रशियाशी लढण्यात गुंतलेला बघून रशियाने ते कलम धुडकावून लावलं.