गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात जर्मन साहेबापुढे माणसं बैठकीत गप्प का बसतात?
यावर अभ्यास झालाय, आणि भरपूर. रॉबर्ट हाउस हे व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. १९७१ मध्ये त्यांनी पाथ-गोल सिद्धांत मांडला (साहेबाचं काम म्हणजे माणसांची ध्येयापर्यंतची वाट सोपी करणं), पुढे अमेरिकेतल्या व्हार्टन व्यवस्थापन संस्थेत असताना नव्वदच्या दशकात कुठल्या समाजाला कसा साहेब भावतो हे पाहणारा ‘ग्लोब’ प्रकल्प उभारला: ६२ समाज, मधल्या फळीतले सुमारे १७,००० व्यवस्थापक, त्यात भारतही. निघालं काय, तर साहेब सचोटीचा हवा हे सगळीकडे सारखं. पण त्याची महत्त्वाकांक्षा कुठे भावते, कुठे खुपते.

तुमच्या प्रश्नाला मात्र डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड जास्त लागू पडतात. त्यांच्या सत्ता-अंतराच्या मोजणीत, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ ही दरी लोक किती मान्य करतात यात, भारत ७७, जर्मनी ३५; आकडा मोठा तितकी दरी जास्त मान्य. वरिष्ठाला चारचौघांत खोडायचं नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं.

मी पणजीत हॉटेलात कामाला होतो तेव्हा खरी बैठक नंतर चहाच्या गाड्यावर भरायची. साहेबाला तिथं घेऊन जा.