रिचमंड नावाची इतकी गावं का आहेत आणि या नावाचा अर्थ काय?

‘रिचमंड’ म्हणजे ‘भक्कम टेकडी’, आणि या नावाच्या बहुतेक गावांची साखळी इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या रिचमंडपर्यंत जाते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रिश’ म्हणजे बलाढ्य आणि ‘मोंट’ म्हणजे डोंगर, अशी फोड इंग्रजी स्थळनामकोशांत दिलेली असते. श्रीमंती हा आजचा अर्थ इथे लावू नये. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर (नॉर्मन विजय), साधारण १०७१ च्या सुमारास, अ‍ॅलन रूफस या ब्रेटन (फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या) सरदाराने यॉर्कशरमध्ये स्वेल नदीकाठच्या उंचवट्यावर किल्ला बांधायला घेतला. खाली नदी, वर कडा, त्यामुळे नाव जागेला अगदी चपखल बसलं.

पुढचा प्रवास मला सगळ्यात सुंदर वाटतो:

- लंडनजवळचं रिचमंड: सातवा हेन्री राजा होण्याआधी रिचमंडचा अर्ल होता. थेम्सकाठचा शीन इथला राजवाडा १४९७ मध्ये जळाल्यावर त्याने तो पुन्हा उभारला आणि त्याला आपल्या या पदवीचं नाव दिलं.
- व्हर्जिनियातलं रिचमंड: विल्यम बर्ड दुसरा या तिथल्या जमीनदाराला जेम्स नदीचं वळण लंडनजवळच्या रिचमंडहून दिसणाऱ्या थेम्सच्या देखाव्यासारखं वाटलं, म्हणून १७३७ मध्ये त्याने नव्या शहराला हे नाव दिलं.

मात्र प्रत्येक रिचमंडला टेकडी किंवा नदीचं वळण शोधू नका. काही नावं माणसांवरून आली आहेत. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडची रिचमंड काउंटी दुसऱ्या चार्ल्सच्या मुलावरून, म्हणजे रिचमंडच्या ड्यूकवरून ओळखली जाते.