घरदुरुस्तीचे प्रश्न : भिंत दिवाळीत का सुकली?

प्रश्न : आमचं घर बारा वर्षांचं, चोपड्याला. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल येते. रंगाचे पोपडे पडतात, कपाटामागे काळी बुरशी धरली आहे. दोनदा वॉटरप्रूफ रंग मारला, पण चार महिन्यांत पुन्हा तेच. दिवाळीत दहा दिवस गावी गेलो होतो, आल्यावर भिंत बरीच सुकलेली दिसली. टाकी मात्र भरलेलीच होती, कॉकही बंद केला नव्हता. बोअरच्या पाण्याने टाइल्स पांढऱ्या पडतात म्हणून दर महिन्याला ॲसिडने घासते. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. सगळं बाथरूम फोडावं लागेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली दिवाळीची ओळ फार मोलाची आहे. कॉक उघडा, म्हणजे भिंतीतल्या पाइपात दहाही दिवस पाणी होतं. पाइप गळत असता तर भिंत सुकलीच नसती. तेव्हा भिंत फोडून पाइप शोधायच्या मागे आत्ताच लागू नका. पाणी जातंय ते तुम्ही अंघोळीला वापरता ते, फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने. तिथून ते गिलाव्यात शिरतं आणि दिव्याची वात तेल ओढते तसं वर चढतं. म्हणून गुडघ्यापर्यंत.

माझा संशय ॲसिडवर आहे. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, टाइलवर पांढरे डाग पडणारच. पण ॲसिड डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं. माझ्या आईनेही धुळ्याच्या घरात वर्षानुवर्षं असंच घासलं. एकदा मी खाली बसून सांध्यात टाचणी घातली तर ती अर्धी आत गेली. टाइल लखलखीत होती आणि सांध्यात काहीच उरलं नव्हतं. तुम्हीही टाचणी घालून बघा. मग रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवा. भरीव टाइल ‘ठक्’ वाजते, खाली पोकळी असेल तर आवाज घुमतो. पोकळ टाइलांवर पेन्सिलीने खूण करा.

फोडण्याआधी एक परीक्षा घ्या. तीन-चार दिवस ते बाथरूम वापरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत चिंध्या कोंबून ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा आणि दोन इंच पाणी भरून पातळीची खूण करा. शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिच्यावरही खूण करा, म्हणजे वाफेने किती गेलं ते कळेल. चोवीस तासांनी फरशीवरचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं, किंवा भिंत ओलावली, तर सांधे गेलेत. काहीच झालं नाही तर बोळा काढा आणि ट्रॅपमध्ये आठ-दहा बादल्या ओता. आता ओल आली तर दोष ट्रॅपच्या जोडात आहे. मग त्याच्याभोवती फूटभर फोडलं तरी पुरतं.

सांधेच गेले असतील आणि टाइला भरीव असतील, तर सांधे खरवडून, पूर्ण सुकवून एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरा. तो महाग पडतो, पण साध्या सिमेंटसारखा झिजत नाही. बऱ्याच टाइला पोकळ निघाल्या तर मात्र फरशी काढावीच लागेल. तेव्हा खाली पॉलिमर-सिमेंटचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचे, ब्रशने दोन हात द्या. पहिला उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा, आणि भिंतीवर फूटभर वर न्या. नवी टाइल बसायच्या आधी पुन्हा पाणी भरून दोन दिवस ठेवायला लावा. गवंडी घाई करतो, तेव्हा ऐकू नका.

आता बुरशी. खोलीच्या बाजूने रंग मारणं म्हणजे ओल भिंतीत कोंडणं, म्हणून तो दोनदा सुटला. गळती थांबल्यावर ओल दिसते त्याच्या फूटभर पुढपर्यंत गिलावा काढा. सासूबाईंना त्या दिवसांत घरात ठेवूच नका, लेकीकडे पाठवा. काळा भाग आधी ओल्या फडक्याने भिजवा. कोरडा खरवडला तर बुरशीची धूळ घरभर उडते. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

गिलावा काढलेली भिंत उघडीच सुकू द्या. चैत्र-वैशाखाचं आपलं ऊन सगळ्यांना नकोसं होतं, पण या कामाला त्याच्यासारखा मदतनीस नाही. पारा ४२-४३ वर असताना पंखा लावून खिडक्या उघड्या ठेवा. नवा गिलावा आठवडाभर पाणी मारून पिकवा, मग महिनाभर सुकवा. पुट्टी आणि रंग त्यानंतर, मृगाच्या आत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

डागांसाठी रबरी वायपर आणा. अंघोळ झाली की टाइलवरचं पाणी ओढून टाका. पाणी जिथे सुकतं तिथेच क्षार बसतो.