इजिप्तमधल्या पुरोहितांच्या दगडी मूर्ती आणि कोरीव काम रंगवत का असत? आणि तो रंग इतकी वर्षं टिकला कसा?

रंग चढल्याशिवाय मूर्ती पुरी झाली असं इजिप्शियन लोक मानतच नसत. थडग्यातली मूर्ती ही मृताच्या 'का'ला, म्हणजे त्याच्या प्राणशक्तीला, राहायला दिलेलं शरीर होतं. तिच्यावर 'तोंड उघडण्याचा' विधी होई, आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात तसाच. त्यानंतर ती नैवेद्य घेऊ शकते अशी श्रद्धा होती. मग त्या शरीराला कातडीचा रंग, डोळे, केस हवेतच.

माझ्या मते याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे रहोतेप आणि त्याची पत्नी नोफ्रेत. चौथ्या राजवंशातला हा राजपुत्र हेलिओपोलिसला सूर्यदेव 'रे'चा मुख्य पुरोहित होता. मैदूमला 1871 मध्ये या चुनखडीच्या मूर्ती सापडल्या, आता त्या कैरोत आहेत. तो तांबूस तपकिरी, ती फिकट पिवळसर. स्त्री-पुरुषांच्या वर्णाचा हा त्या काळचा ठरलेला संकेत. त्याची बारीक मिशी नुसती रंगवलेली आहे. तिच्या कपाळावर केसांच्या टोपाखालून डोकावणारे तिचे स्वतःचे केससुद्धा दाखवायचे कलाकाराने सोडले नाहीत! डोळ्यांत स्फटिक बसवलेत. मेणबत्ती घेऊन पहिल्यांदा आत शिरलेला मजूर ते चमकते डोळे बघून घाबरून बाहेर पळाला, असं सांगतात. फोटो पाहिलात की पटेल.

भिंतींवरचं कोरीव काम बघायचं तर सक्कारातलं वाहत्ये या पुरोहिताचं थडगं बघा. तो पाचव्या राजवंशातला, राजा नेफेरिरकरेच्या काळातला. 2018 मध्ये ते जगासमोर आलं, तेव्हा सुमारे 4400 वर्षांनंतरही रंग जागेवर होते. मडकी घडवणं, मद्य तयार करणं, गाणंबजावणं, नावा असं सगळं भिंतींवर आहे.

टिकण्याचं मुख्य कारण रंगांतच आहे. लाल-पिवळ्यासाठी गेरू आणि पिवळी माती, हिरव्यासाठी मॅलाकाइट हे तांब्याचं खनिज, काळ्यासाठी काजळी किंवा कोळसा. निळा मात्र भट्टीत बनवत: वाळू, चुना, तांबं आणि क्षार 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून. खनिज रंग वनस्पतींच्या रंगांसारखे सहज विटत नाहीत. ते डिंकात किंवा सरसात कालवून लावलेले असल्यामुळे ओलाव्याने मात्र सुटतात. वाळवंटाच्या कडेला, वाळूखाली, अंधारात ओलावा पोचलाच नाही. नाईलच्या मुखाकडच्या दमट चिखलात अशी कामं फारशी उरली नाहीत.

संग्रहालयात इजिप्तची चुनखडीची एखादी रंग उडालेली कोरीव पाटी दिसली, तर अक्षरांच्या खाचांत आणि वस्त्राच्या चुण्यांत नीट बघा. लाल किंवा निळ्याचा कण बहुतेकदा तिथेच अडकलेला सापडतो.