नवी शिकवणी घेताय? आधी चूक बघा
पहिल्या तासाला काही शिकवू नका. इयत्तेपेक्षा एक-दोन वर्षं खालची ८-१० गणितं द्या आणि मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, तर मूल अंशात अंश, छेदात छेद मिळवतंय. अशा वेळी नुसता सराव वाढवला की चूकच पक्की होते. मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसं झालं, एवढंच विचारा. वर्गात ४० मुलांमागे हे जमत नाही, वैयक्तिक शिकवणीत जमतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पेन्सिल स्वतःच्याच हातात ठेवतात.
- प्रश्न विचारून लगेच उत्तरही देतात. मनात १० आकडे मोजा.
- "समजलं का?" विचारतात. मुलं हो म्हणणारच! त्यापेक्षा तसंच दुसरं गणित द्या.

चाचण्या, वेळापत्रक यांचं नंतर बघू.